धोडीभाईंची वळलेली मान

दिवाळी अंकाच्या संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, ‘तुमच्या क्लासमधून पुढे नाव काढलेल्या विद्यार्थ्यांवर लिहा.’ तशी नाव काढलेली दोघं आहेत, आणि ती स्वतःबद्दल पुरेसं बोलतात. मी ज्या मुलीबद्दल लिहिणार आहे, तिचं नाव कुठे छापून आलेलं नाही. तिच्या वडिलांचंही नाही. पण चित्रकला शिकवणं म्हणजे काय, हे मला या बापलेकीमुळे कळलं, आणि कळायला उशीर झाला.

डहाणूच्या एका हायस्कुलात मी अठ्ठावीस वर्षं चित्रकला शिकवली. शाळेतला चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांचा अभ्यासक्रम मागे पडला की त्यांना द्यायचा तास. त्यामुळे खरं शिकवणं व्हायचं ते रविवारी, घोलवडला. तिथल्या एका वाडीवाल्या काकांची चिकू भरायची जुनी शेड रिकामी होती. ‘बाई, शेड खाली पडली हाय, वापरून टाका,’ म्हणाले. शेडचं तोंड उत्तरेला होतं. चित्रकाराला उत्तरेचा उजेड मिळाला की त्याला आणखी काही लागत नाही, कारण तो दिवसभर फारसा बदलत नाही. बसायला लाकडी खोकी होती, मांडायला चिकू होते.

चिकूवर मी मनापासून शिकवलं. सफरचंद चकाकतं, त्याची चकाकी काढता आली की मुलांना वाटतं आपल्याला सगळं आलं. चिकू चकाकत नाही. खरबरीत, मातकट, तो सावकाश उजेडातून सावलीत जातो, आणि तो नेमका कुठे गेला हे शोधताना डोळे दुखायला लागतात. एका बँकेतले साहेब क्लासला यायचे. पन्नाशीचे, टापटिपीचे. त्यांनी पहिले दोन रविवार कंपासने काढावीत तशी गोल वर्तुळं काढली. मी फक्त चिकू तेवढा दर वेळी त्यांच्यापुढे सरकवत राहिले. तिसऱ्या रविवारी ते चिडून म्हणाले, ‘बाई, हा चिकू वाकडा आहे!’ त्या दिवशी ते शिकायला लागले. दुसरी एक मुलगी दोन डोंगरांच्या मधे सूर्य काढायची. ‘अगं, तू रोज किनाऱ्यावर जातेस. तिथे तो समुद्रात मावळतो. तू डोंगरात का बुडवलास?’ असं विचारल्यावर ती म्हणाली, ‘पुस्तकात तसाच असतो, बाई.’

आमच्या धंद्यातली मुख्य अडचण हीच. माणूस डोळ्यांपुढचं काढत नाही, डोक्यातलं काढतो. ते मोडण्यासाठी काही साध्या युक्त्या असतात. हात ताठ पुढे करून पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवत समोरच्या वस्तूचं माप घ्यायचं. दोऱ्याला नट बांधून ओळंबा करायचा आणि खांदा गुडघ्याच्या कितपत बाहेर आहे ते बघायचं. वस्तू काढता येत नसेल तर तिच्याभोवतीची रिकामी जागा काढायची. या सगळ्याचा उद्देश एवढाच, की आपल्या समजुतीवर विश्वास ठेवू नये.

रमिला धोडी नववीत असताना क्लासला आली. मूळची तलासरी तालुक्यातल्या उधव्याची. वडील लक्ष्मण धोडी रेल्वेत फाटकवाले होते, आणि घोलवडजवळच्या एका फाटकालगत त्यांना राहायला दोन खोल्या होत्या. मी डहाणूहून गाडीने यायचे आणि ते फाटक ओलांडून वाडीत जायचे, तेव्हा ते हातात झेंडी घेऊन उभे असलेले दिसायचे. एकदा त्यांनीच मला थांबवलं.

‘बेन, तुम्ही चितर शिकवता ना? माझी पोर भिंतीवर काढते. साहेब तपासणीला आले तर मला बोलतील. तिला कागद द्या.’

रमिलाला चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा द्यायची होती आणि पुढे चित्रकला शिक्षिकेचा कोर्स करायचा होता. बोलायची कमी. बाकीची मुलं कागदाकडे बघत काढायची आणि मधूनच वस्तूकडे डोकवायची, तिचं उलट होतं. ती वस्तूकडेच बघत बसायची आणि कागदाकडे कधीतरी वळायची. पहिल्या महिन्यात तिची चित्रं बेढब दिसत. मग एकाएकी ती तशी दिसेनाशी झाली.

त्या वर्षी मी माणूस काढायला शिकवायचं ठरवलं. आता घोलवडसारख्या गावात दोन तास न हलता कोण बसणार? मासे विकणाऱ्या एक बाई बसल्या, आणि सगळ्या एकदम आपल्याकडे बघतात म्हणून हसत सुटल्या. वाडीतला एक मजूर बसला आणि झोपला. रमिला म्हणाली, ‘बाबांना विचारू? त्यांना बसायची सवय आहे.’ रविवारी धोडीभाईंच्या जागी बदलीचा माणूस असायचा. ते इस्त्रीचा सदरा घालून आले आणि खुर्चीत बसले, ते खरोखरच दगडासारखे. गाडीची वाट बघणाऱ्या माणसाचं बसणं वेगळंच असतं. अंग सैल सोडलेलं, पण लक्ष शाबूत.

एकच चित्र पाच-सहा रविवार चालायचं होतं. असं काम असलं की खुर्चीच्या पायांभोवती जमिनीवर खडूने खुणा करतात, म्हणजे पुढच्या वेळी खुर्ची केसभरही हलत नाही. मुलांना मी बजावलं होतं, ‘काही झालं तरी या खुणा मोडायच्या नाहीत. त्या मोडल्या तर सगळ्यांचं काम वाया.’

दुसऱ्या रविवारी मी रमिलाच्या मागे उभी राहिले. तिने वडिलांचं डोकं उजवीकडे वळवलेलं काढलं होतं. मी तिला माणूस समोर बघतो आहे असं सांगितलं, आणि एक गोष्ट केली जी मी कोणाच्याही कागदावर करायला नको होती. तिच्या हातातला कोळसा घेतला आणि मान सरळ करून दिली. तिसऱ्या रविवारी मान पुन्हा वळलेली. मी पुन्हा सरळ केली. चौथ्या रविवारीही तेच झालं, तेव्हा माझा आवाज चढला.

‘रमिला, किती वेळा सांगायचं? नऊ जणांना सरळ दिसते, तुला एकटीलाच कशी वाकडी दिसते?’

ती खोक्यावरून उठली. ‘बाई, एकदा माझ्या जागी बसून बघता?’

मी बसले. आधी रागातच बसले. मग ओळंबा धरला, कपाळ ते हनुवटी माप घेतलं. मुलगी बरोबर होती. धोडीभाई समोर बघत होते हे खरं, पण समोर बघण्यासाठी त्यांनी मान उजवीकडे वळवली होती. नाक एकीकडे होतं आणि नजर दुसरीकडे. मी त्यांना सरळ बसायला सांगितलं. ते बसले, आणि दोन मिनिटांत मान पुन्हा तिथेच आली. बाकीच्या नऊ मुलांनी, आणि पंधरा वर्षं शिकवत आलेल्या त्यांच्या बाईंनी, माणूस सरळ बसतो असं आधीच ठरवून टाकलं होतं.

मी रमिलाला ‘बरोबर आहे तुझं’ असं म्हटलं का? म्हटलं, पण हळू आवाजात. इतर मुलांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

मग चहाची सुट्टी झाली. मुलं बाहेर गेली. धोडीभाई पाय मोकळे करत म्हणाले, ‘बेन, ही सगळी पोरं पेन्सिल धरून एक डोळा मिटून माझ्यावर नेम का धरतात?’

मला हसू आलं. मी त्यांच्या हातात पेन्सिल दिली. समोर एका खोक्यावर पाण्याचा तांब्या होता, त्याचं माप घ्यायला सांगितलं. त्यांनी उजवा डोळा मिटला आणि अंगठा सरकवत झकास माप घेतलं. नवीन माणसाला मी नेहमी पुढची एक गंमत दाखवते. दुसरा डोळा मिटला की वस्तू जागची सरकल्यासारखी दिसते. मी म्हटलं, ‘आता डावा मिटून बघा.’ त्यांनी डावा मिटला. तेवढ्यात बँकेतले साहेब आत आले, तांब्या उचलला आणि पाणी पीत बाहेर निघून गेले.

‘सरकला का तांब्या?’ मी विचारलं, साहेबांच्या पाठीकडे बघत.

‘सरकला ना, बेन. चांगला हातभर सरकला,’ रिकाम्या खोक्यावर पेन्सिल धरून धोडीभाई म्हणाले.

त्यांनी डावा डोळा उघडला आणि खोक्याकडे बघितलं. त्यावरून त्यांना काय ते कळलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि मला शेडच्या मागे, चिकूच्या झाडाखाली घेऊन गेले.

‘कधीपासून?’ मी विचारलं.

‘गेल्या पावसाळ्यापासून कमी होत होतं. होळीपासून उजव्याने काहीच नाही. काळोख.’

‘घरी?’

‘कोणाला नाही माहीत.’ मग ते भरभर बोलायला लागले. ‘तपासणी तीन वर्षांपूर्वी झाली, तेव्हा दोन्ही चांगले होते. पुढची वर्षभराने आहे. स्टेशनातून फोन येतो, मग मी फाटक लावतो. कान ठीक आहेत. डावा ठीक आहे. फक्त एक वर्ष, बेन. पोरीची दहावी होऊन जाऊ दे. खोली गेली तर तिला कुठे ठेवू?’

‘आणि फाटक लावताना उजव्या बाजूने कोणी पोर आत शिरलं तर?’

‘मी मान फिरवून बघतो ना.’

ती मान. मी म्हटलं, ‘बरं. मी कोणाला सांगणार नाही.’

तो आठवडा मला चांगला आठवतो. शाळेत मन लागेना. बुधवारी काही कारण नसताना मी घोलवडला गेले आणि फाटकापासून थोड्या अंतरावर उभी राहिले. फाटक लागायची वेळ झाली होती. चिकूच्या करंड्या लादलेला एक टेम्पो घाईने निघून गेला. मागे एक बाई डोक्यावर भारा घेऊन, धाकट्या पोराला हाताला धरून येत होती. धोडीभाईंच्या उजव्या बाजूने. त्यांनी फाटकाचं चाक फिरवायला घेतलं, थांबले, पूर्ण वळून बघितलं, बाई जाईपर्यंत उभे राहिले, आणि मग फाटक लावलं. काही झालं नाही. तरी परत येताना मी ठरवलं, की रविवारी त्यांना सांगायचं, तुम्ही स्वतः जाऊन डॉक्टरांना दाखवा, नाहीतर मी सांगेन. वाक्य पाठसुद्धा केलं.

रविवारी मी ते बोलले नाही. मुलं यायच्या आधी मी खुर्ची उचलली आणि खडूच्या खुणा सोडून पलीकडे, तोंड पूर्वेला करून ठेवली, म्हणजे त्यांची उजवी बाजू सावलीत जाईल आणि डोळा कोणाला नीट दिसणार नाही. खुणा पायाने पुसल्या. मुलांनी विचारलं तेव्हा सांगितलं, की आज सावलीचा अभ्यास, नवीन कागद घ्या.

सगळ्यांनी नवीन कागद घेतले. रमिलाने घेतला नाही. ती जमिनीवरच्या पुसट खडूकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मग तिने आपलं खोकं उचललं, शेडच्या दुसऱ्या टोकाला नेलं, वडील पहिल्यासारखे समोरून दिसतील अशा ठिकाणी ठेवलं आणि जुनंच चित्र पुढे काढायला लागली. मी तिला अडवलं नाही. तिच्या मागे जाऊन उभंही राहिले नाही.

काम संपल्यावर मुलांनी रिवाजाप्रमाणे सगळी चित्रं भिंतीला टेकवून ठेवली. मॉडेलला आपली चित्रं बघायचा हक्क असतो. धोडीभाई एका टोकाकडून बघत निघाले. मान वळवून, सावकाश. मुलांची तोंडभर स्तुती करत. ‘हे बघा, मला किती जवान केलंय!’ शेवटी ते रमिलाच्या चित्रापाशी आले. तिने वळलेली मान काढली होती, ताणलेली शीर काढली होती. डावा डोळा समोरच्या माणसाला धरून ठेवणारा होता. उजवा डोळा उघडा होता आणि कुठेही बघत नव्हता. तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. तिने बघितलं होतं, एवढंच.

धोडीभाई मुलीला म्हणाले, ‘तुला माहीत होतं?’

‘काढताना कळलं,’ रमिला म्हणाली. ‘बाबा, मी खोडू?’

‘नको.’ त्यांनी चपला घातल्या. ‘चल घरी. आईला सांगायचं आहे.’

सोमवारी ते स्वतःहून स्टेशनात गेले आणि साहेबांना सांगितलं. त्यांना मुंबईला रेल्वेच्या दवाखान्यात पाठवलं. काचबिंदू निघाला. उजवा डोळा गेलेला, तो परत येणार नव्हता. डाव्यातही सुरुवात झाली होती, पण औषधाने ती रोखता येईल असं डॉक्टर म्हणाले. फाटकाचं काम सुटलं. प्रतीक्षालयाची देखभाल करायचं हलकं काम मिळालं. फाटकालगतच्या खोल्या सोडाव्या लागल्या, त्याबरोबर रमिलाच्या आईने लावलेले वालाचे वेल आणि पडवळाचा मांडवही. आशागडला एका खोलीत ते राहायला गेले.

रमिला क्लासला यायची थांबली. महिन्याभराने मी आशागडला गेले. ती स्टोव्हवर भात टाकत होती. मी म्हटलं, परीक्षा जवळ आली आहे, फी भरलेली आहे. ती म्हणाली, ‘बाई, मी माणसं काढायची सोडली.’ आत आई आजारी माणसासारखी पडून होती. मी थोडा वेळ बसले आणि निघाले. त्या दिवशी तिला सांगायला हवं होतं, की चूक माझी होती, खुर्ची मी हलवली. सांगितलं नाही. तिला आधीच ठाऊक आहे असं स्वतःला समजावलं.

इंटरमिजिएटच्या परीक्षेला ती बसली नाही. दहावी झाली, मग डी.एड. झाली, एवढं कानावर आलं. दरम्यान माझा क्लास भरभराटीला आला. वाडीवाल्या काकांनी शेडला नवे पत्रे घातले. मी पुढच्या मुलांच्या कागदांना कधीही हात लावला नाही, आणि सगळे म्हणायचे, बाईंची शिकवायची पद्धत किती वेगळी आहे.

नव्वदीच्या दशकात तलासरीला प्राथमिक शिक्षकांचं एक शिबिर होतं. मला चित्रकलेवर बोलायला बोलावलं. पहिल्या रांगेत रमिला बसली होती, केसांत पांढरी बट दिसायला लागलेली. व्याख्यान संपल्यावर ती जवळ आली.

‘बाई, मी उधव्याला शिकवते. तिसरीचा वर्ग. उद्या शनिवार, सकाळची शाळा आहे. याल?’

‘काय शिकवू तुझ्या मुलांना?’

‘शिकवायचं काही नाही. बसायचं आहे. मुलांना माणूस काढायला हवा आहे, आणि गावातली सगळी माणसं काढून झाली.’

मी हसले. मग लक्षात आलं, की तिने पुन्हा माणसं काढायला घेतली आहेत, आणि हे मला सांगायची तिची ही रीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी उधव्याच्या त्या वर्गात टेबलावर ठेवलेल्या खुर्चीवर बसले. इतकी वर्षं लोकांना बसवलं, स्वतः कधी बसले नव्हते. तीस पोरांचे साठ डोळे. कोणी माझ्या गळ्याखालच्या सुरकुत्या मोजत होतं, कोणी चष्म्याची तुटलेली काडी निरखत होतं. पहिली पाच मिनिटं मी पोट आत ओढून बसले. मग दमले आणि सोडून दिलं. समोरची एक चिमुरडी माझ्या तोंडाकडे इतकं बारकाईने बघत होती, की मला उठून जावंसं वाटायला लागलं. तेव्हा कुठे कळलं, की धोडीभाई पाच रविवार कशाच्या धाकाखाली बसले असतील. तरीही दर रविवारी ते वेळेवर यायचे, इस्त्रीचा सदरा घालून.

शाळा सुटल्यावर रमिला मला घरी जेवायला घेऊन गेली. धोडीभाई निवृत्त होऊन गावी परतले होते. ओसरीवर खाटेवर बसले होते. डाव्या डोळ्याने अजून दिसत होतं, रस्ता ओलांडण्यापुरतं आणि माणूस ओळखण्यापुरतं. माझा आवाज ऐकून उठले. तांदळाची भाकरी, वालाची आमटी. आम्ही जुन्या घोलवडबद्दल बोललो, वाडीवाले काका गेले त्याबद्दल बोललो. चहा आल्यावर मी विषय काढला.

‘धोडीभाई, तुम्ही माझ्यावर रागावला होता का?’

‘होतो ना. वर्षभर होतो.’ ते सहज म्हणाले, गाडीची वेळ सांगावी तसं. ‘पोरीवर नव्हतो. तुमच्यावर होतो.’

‘खुर्ची हलवली म्हणून?’

‘मी म्हटलं गप्प बसा, आणि तुम्ही गप्प बसल्या. तुम्ही शिकलेल्या होता, बेन. मी घाबरलेला होतो. मला कोणीतरी नाही म्हणायला पाहिजे होतं. तुम्ही हो म्हटलंत, मग पोरीला नाही म्हणावं लागलं. एवढ्याशा पोरीला.’

मला पुष्कळ काही सांगता आलं असतं. तुम्हीच हात जोडले होते, तिच्या दहावीचं कारण तुम्हीच दिलं होतं, मी त्या बुधवारी फाटकापाशी येऊन उभी राहिले होते, वाक्य पाठ केलं होतं. त्यातलं काहीच खोटं नव्हतं.

‘माझं चुकलं,’ मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि कप पुढे केला. रमिलाने किटलीतला उरलेला चहा आम्हा दोघांत वाटला, आणि दाराच्या उंबऱ्यावर बसून कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी नजर खाली घातली नाही.